शिवडी की वसई? पक्षी बघायला कुठला किल्ला गाठावा

मुंबईकराला समुद्राकाठी पक्षी बघायला दोन जुनी लष्करी ठिकाणं जवळ आहेत. शिवडीचा किल्ला इंग्रजांनी १६८० मध्ये टेहळणीसाठी बांधला. वसईचा किल्ला पोर्तुगीजांचा, चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकलेला. पक्ष्यांच्या दृष्टीने मात्र दोन्हींचा स्वभाव अगदी वेगळा आहे.

शिवडीला जायचं ते रोहितांसाठी, म्हणजे फ्लेमिंगोंसाठी. हिवाळ्यात थवे येऊ लागतात आणि मेपर्यंत असतात. फेब्रुवारी ते एप्रिल हा ऐन हंगाम. हार्बर मार्गावरचं शिवडी स्थानक, पूर्वेला उतरून गोदामांमधून पंधरा-वीस मिनिटं चालत जेट्टी. इथे सगळं भरतीवर अवलंबून. पूर्ण ओहोटीला थवे दूर आत जातात आणि नुसती गुलाबी रेघ दिसते; पूर्ण भरतीला चिखलच बुडतो, पक्षी उठून दुसरीकडे जातात. पाणी चढू लागलं की तेच त्यांना काठाकडे ढकलतं, म्हणून पूर्ण भरतीच्या दोन-अडीच तास आधी जेट्टीवर हजर असावं.

वेळ काढायला कोकणातला जुना हिशेब पुरतो: तिथीचा पाऊणपट. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा वाजता. जेट्टीचं तोंड पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळी ऊन डोळ्यांत येतं आणि पक्षी काळे दिसतात. दुपारनंतर तेच ऊन पाठीशी. दोन्ही गणितं जुळतात षष्ठी ते नवमीच्या दुपारी. अष्टमीला साडेतीनला पोहोचा. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे संध्याकाळी ओहोटी. तो दिवस शिवडीसाठी वाया.

जवळ आलेला थवा नीट बघा. मान खाली, चोच उलटी, पायांनी चिखल ढवळत पाणी गाळणं चाललेलं असतं. चोच जवळजवळ पूर्ण गडद लाल-काळी असेल तर छोटा रोहित. गुलाबी चोचीचं फक्त टोक काळं असेल तर मोठा. आजूबाजूचे तुतारी, चिखल्या हे चिखलातले छोटे पक्षी ओळखायला साधी दुर्बीण कमी पडते, वीस ते साठ पटीचा स्कोप (तिपाईवर लावायची एकनळी दुर्बीण) हवा. चिखलात उतरू नका, पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि थवा उडतो तो वेगळाच. अटल सेतूवरून थवे दिसतात म्हणून तिथे गाडी थांबवायला जाऊ नका, मनाई आहे.

वसईला भरतीचं बंधन फार नाही. वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेकडून बस किंवा रिक्षा मिळते. तट, पडकी चर्च, वड-पिंपळ, ताड आणि दर्या दरवाज्याकडे खाडी, एवढं सगळं एकाच आवारात. त्यामुळे जाती जास्त, थवे लहान: तटाच्या भोकांत पोपट आणि पिंगळे, झाडांवर हळद्या, तांबट, खाडीकडे खंड्या आणि बगळे. ऑक्टोबर ते मार्च, सकाळी साडेसहा ते नऊ. त्यानंतर, विशेषतः रविवारी, लग्नाआधीच्या फोटोंसाठी जोडपी येतात आणि पक्षी गप्प होतात. पावसाळा सरल्यावर गवत कमरेएवढं असतं आणि पडक्या भिंतींत साप असतात; बूट घाला, पायवाट सोडू नका.

पहिल्यांदाच पक्षी बघणाऱ्याला, लहान मुलांना आम्ही शिवडीच सांगतो, कारण हजारो पक्षी एकदम दिसले की आवड लागते. नावं शिकायची असतील, आवाजावरून ओळखायचं असेल तर वसई. स्कोप मात्र घरीच ठेवा. झाडीत तो लावून होईस्तोवर हळद्या उडालेला असतो. आठ बाय बेचाळीसची (आठ पटीची, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पुरते.