घोट्यातला ऑस्टिओइड ऑस्टिओमा: जाळायचा की कोरून काढायचा?

सीटीच्या रिपोर्टवर ‘टॅलसमध्ये नायडस’ असं वाचून जे गोंधळलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. टॅलस म्हणजे घोट्यातलं एक हाड, आणि नायडस म्हणजे ऑस्टिओइड ऑस्टिओमा या हाडातल्या छोट्या गाठीचा गाभा. हा कॅन्सर नव्हे, हे डॉक्टरांनी सांगितलंच असेल. आता प्रश्न एवढाच की सुई घालून रेडिओलहरींच्या उष्णतेने जाळायचा, म्हणजे आरएफए (रेडिओफ्रीक्वेन्सी अॅब्लेशन), की पाय उघडून कोरून काढायचा. सहा वर्षांपूर्वी, चोविसाव्या वर्षी, मी यातून गेलो.

आधी निदानाबद्दल थोडं, कारण माझं दीड वर्ष तिथेच गेलं. ही गाठ बहुतेकदा मांडीच्या नाहीतर नडगीच्या हाडात निघते. तिथे एक्स-रेवर हाड जाडावलेलं दिसतं आणि शंका लवकर येते. सांध्यात असली की हाड तसं जाडावत नाही, उलट सांधाच सुजतो. मग कुणी मुरगळ म्हणतं, कुणी संधिवात. माझ्या एमआरआयमध्ये घोटाभर सूज दिसली आणि त्या सुजेत गाठ लपून गेली. शेवटी एका रेडिओलॉजिस्ट बाईंनी विचारलं, “रात्री जास्त दुखतं का? गोळी घेतल्यावर किती वेळात थांबतं?” मी म्हटलं, “अर्ध्या-पाऊण तासात, जादू केल्यासारखं.” त्यांनी एकेक मिलिमीटरच्या कापांचा सीटी करायला लावला. काळं गोल कडं, मधोमध पांढरा ठिपका. सगळं मिळून सहा मिलिमीटर, म्हणजे भिजलेला साबुदाणा.

तिसरा रस्ता गोळ्यांचा. गाठीत प्रोस्टाग्लँडिन नावाचं दुखणं वाढवणारं रसायन तयार होतं आणि वेदनाशामक गोळी तेच रोखते, म्हणून ती इतकी लागू पडते, आणि काही वर्षांत गाठ आपसूक विझूही शकते. पण त्या ‘काही वर्षां’त रोज रात्री दोनला उठून बिस्कीट खाऊन गोळी घ्यायची. मी चार महिने रेटलं, मग पोटाने नकार दिला.

उघड्या शस्त्रक्रियेची बाजू लंगडी नाही, हे आधीच कबूल करतो. सर्जन गाठ हाताने काढतात, ती पॅथॉलॉजीकडे जाते आणि तिचं नाव कागदावर येतं. अडचण अशी की हाड उघडल्यावर हा साबुदाणा डोळ्यांना दिसेलच असं नाही. म्हणून आजूबाजूचं हाडही थोडं घ्यावं लागतं, आणि टॅलसवर तर सगळ्या अंगाचा भार. मला सांगितलं गेलं, सहा आठवडे पाय टेकायचा नाही.

माझा निर्णय तिथेच झाला, आणि त्यामागे वैद्यकशास्त्र नव्हतं, जिना होता.

ठाण्यातली आमची इमारत जुनी. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मुरगळ समजून एकदा मला तीन आठवड्यांचं प्लास्टर घातलं होतं, तेव्हा कुबड्यांची ओळख झालेली. चढताना त्या बऱ्या, उतरताना वैरी. मी पायरीवर बसायचो, कुबड्या खाली सरकवायचो आणि एकेक पायरी ढुंगणावर घसरत उतरायचो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दार उघडून “सावकाश रे बाबा” म्हणायच्या आणि मी खाली पोचेपर्यंत दारातच थांबायच्या. आंघोळीला पायाला प्लास्टिकची पिशवी, तिला रबरबँड, तरी पाणी आत जायचंच. तिसऱ्या आठवड्यात काखा सोलल्या. तेच पुन्हा, आणि दुप्पट दिवस? लिफ्ट असलेल्या माणसाचा हिशेब वेगळा निघू शकतो.

आरएफए हे काही कालपरवाचं फॅड नाही. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या डॉ. रोझेंथाल आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्येच या गाठीसाठी ते वापरल्याचं प्रसिद्ध केलं होतं. मला कमरेखाली भूल देऊन सीटीच्या टेबलावर झोपवलं. सुई नेमकी गाठीत पोचवण्यात पाऊण तास गेला, जाळणं मात्र सहाच मिनिटांचं, 90 अंशांवर. सुई एकदाच वापरायची आणि महाग, पण दुसऱ्या दिवशी मी घरी, आणि तिन्ही मजले स्वतःच्या पायाने चढलो, कठडा धरून का होईना. तीन महिने धावणं आणि उड्या तेवढ्या बंद. पहिली रात्र भोक दुखलं. दुसऱ्या रात्री गोळी न घेता सकाळी सातपर्यंत झोपलो.

तरी सगळ्यांना डोळे मिटून हेच सुचवणार नाही. घोट्याच्या पुढच्या बाजूला कातडी पातळ, आणि तिथूनच धमनी आणि नर्व्ह जातात. माझी सुई म्हणून बाजूने घातली. गाठ बोटाच्या टोकाला असेल, किंवा मणक्यात नर्व्हला चिकटून असेल, तर कदाचित मीही उघडून काढायलाच तयार झालो असतो. गाठीपासून कातडी आणि नर्व्ह किती लांब आहेत, हे सीटीवर मोजून दाखवा, असं डॉक्टरांना जरूर सांगा. अंतर सेंटिमीटरच्या आत आलं की त्यांचा आवाज सावध होतो. गाठ परत येण्याची थोडी शक्यता दोन्हीकडे आहे, फक्त सुई पुन्हा घालून घेणं मला परवडेल.

एक उणीव राहिलीच. जाळण्याआधी त्याच भोकातून तपासणीसाठी नमुना घेतला होता. रिपोर्ट आला, ‘निदानासाठी नमुना अपुरा’. दुखणं गेलं, नंतरचा सीटीही चांगला आला, पण आईला ते अजून खटकतं. माझी फाइल हातात पडली की ती आधी तेच पान उघडते.