नाव उसनं घ्यावं की घडवावं?

पंचवटीत बसून अद्भुत कादंबरी लिहायची, तर नावांचे दोन रस्ते. एक, पुराणातून उचला. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणाऱ्या टॉल्किननं आपला जादूगार गॅन्डाल्फ असाच घेतला, ‘व्होलुस्पा’ या जुन्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या, काव्यातल्या खुज्यांच्या यादीतून. अर्थ साधारण ‘काठीवाला एल्फ’; एल्फ म्हणजे तिकडच्या पुराणातला यक्षासारखा जीव. दुसरा, आधी भाषाच रचा, मग नाव. त्याचीच एल्फ नायिका गॅलाड्रिएल, म्हणजे तेजस्वी माळेचा मुकुट ल्यालेली. सुंदर आहे, पण सांगितल्याशिवाय कळणार कोणाला?

आपली शूर्पणखा बघा. शूर्प म्हणजे सूप. सुपाएवढी नखं नावातच दिसतात. तिचं नाक कापलं म्हणून नाशिक, हे इथली पोरंही सांगतात. मी पहिलाच रस्ता धरेन. अडचण एकच, उसन्या नावामागे जुनी गोष्टही येते. माझ्या शूर्पणखेचं वाचक आधी नाकच तपासणार!