सुट्या मात्रांचा लाकडी अक्षरसंच : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या जूनमध्ये आमच्या लेकीसाठी देवनागरीचा एक लाकडी अक्षरसंच घेतला. तेव्हा तिला नुकते सहावे वर्ष लागले होते. आम्ही बंगळुरूत राहतो. शाळा इंग्रजी माध्यमाची, तिथली दुसरी भाषा कन्नड आणि सोसायटीतल्या मुलांची खेळण्याची भाषा हिंदी. त्यामुळे मराठीच्या वाट्याला येतात ते रात्रीच्या जेवणापासून झोपेपर्यंतचे जेमतेम दोन तास. या दोन तासांत तिला मराठी वाचता यावे, एवढाच माफक हेतू होता. संच कोणी बनवला ते येथे लिहीत नाही, कारण असे संच अनेक लहान कारागीर बनवतात आणि घेताना बनवणाऱ्याच्या नावापेक्षा पेटीत काय आहे व काय नाही, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

पेटीत अक्षरांचे चौरस ठोकळे आहेत, प्रत्येक व्यंजन दोनदा. काना आणि दोन्ही वेलांट्या अक्षराइतक्याच उंचीच्या, पण अरुंद पट्ट्यांवर कोरलेल्या आहेत. मात्रा, अनुस्वार आणि उकार यांचे छोटे तुकडे वेगळे आहेत. सोबत तीन खाचांची एक पाटी मिळते. मधली रुंद खाच अक्षरे, काना आणि वेलांट्या यांची, वरची मात्रा-अनुस्वारांची, तर खालची उकारांची. ‘को’ असा तयार ठोकळा पेटीत कुठेच नाही. ‘क’ला काना द्यायचा आणि वर एक मात्रा ठेवायची. या एका गोष्टीसाठी मी हा संच निवडला, आणि आठ महिन्यांनंतरही त्याचा सर्वांत मोठा गुण हाच वाटतो.

त्याचे कारण आमच्या आधीच्या फसलेल्या प्रयत्नात आहे. ती चार वर्षांची असताना भिंतीवर बाराखडीचा तक्ता लावला होता. क, का, कि, की हे सगळे ती ठेक्यात म्हणून दाखवी आणि आम्हीही खूश होत असू. एके दिवशी सहज ‘कु’वर बोट ठेवून हे काय, असे विचारले. तिने ‘क’पासून आरंभ केला, बोटावर मोजत ‘कु’पर्यंत आली आणि मग उत्तर दिले. ‘मु’ विचारला तर पुन्हा ‘म’पासून सुरुवात. बाराखडी तिला पाठ होती, पण ‘उ’ या आवाजासाठी खाली एक उकार लागतो आणि तो कोणत्याही अक्षराला तसाच लागतो, ही गोष्ट तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती. तक्त्यात ‘कु’ हे एकसंध चित्र असते. पाटीवर मात्र उकाराचा तुकडा ती स्वतः ‘क’खालून काढून ‘म’खाली सरकवते, त्यामुळे ते जे काही आहे ते तिच्या चिमटीत येते.

पहिले दोन महिने आम्ही पेटीतला बराचसा ऐवज कपाटात ठेवला होता. बाहेर काढली होती फक्त क, म, न, त, ल ही पाच अक्षरे आणि काना. एवढ्यावर काका, मामा, नाक, कान, ताक, माल, मला, कला, कमान असे पुष्कळ शब्द होतात आणि ते सगळे तिच्या रोजच्या बोलण्यातले असतात. वर्णमालेच्या क्रमाने गेलो असतो, तर ख, ग, घ करत ‘ङ’पाशी अडकलो असतो, ज्याने सुरू होणारा एकही शब्द मुलाला सांगता येत नाही. नवीन अक्षर आठवड्याला एक किंवा दोन, आणि तेही तिला एखाद्या शब्दासाठी हवे असेल तेव्हाच. ‘ळ’ आला तो ‘बाळ’साठी, ‘ढ’ मात्र डिसेंबरपर्यंत पेटीतच राहिला.

खरी मजा, आणि खरी अडचणही, पहिल्या वेलांटीपाशी आली. तिला ‘किरण’ लिहायचे होते. तिने ‘क’ ठेवला, मग कानाने जे ऐकले त्याच क्रमाने वेलांटीची पट्टी, मग ‘र’, मग ‘ण’. पाटीवर दिसत होते ‘करिण’. तिने ते ‘किरण’ असे खणखणीत वाचले. मी काहीच बोललो नाही. फक्त ती वेलांटी आता कोणाच्या डोक्यावर वाकली आहे, एवढेच विचारले. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “बाबा, ही तर ‘र’ची झाली!” मग पट्टी उचलून ‘क’च्या डावीकडे ठेवली, पण नाराजीने. “आवाज नंतर येतो, मग ही आधी का बसते?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि मी ते बनवूनही सांगितले नाही. लिपीची ही तऱ्हा मोठ्यांच्या नजरेला सवयीने दिसेनाशी होते. मूल मात्र तिथे अडखळते आणि आपण त्याला ‘लक्ष नाही’ म्हणतो. त्याच सुमारास शाळेत कन्नडचे ‘कागुणित’, म्हणजे त्यांची बाराखडी, सुरू झाली होती. तिथे ‘कि’ची खूण अक्षराच्या माथ्यावर चढते, डावीकडे जात नाही, हे तिनेच आम्हाला सांगितले. दोन्ही लिप्यांचा सांगाडा एकच असल्याने एकीत पक्के झालेले दुसरीत आपोआप उपयोगी पडू लागले, हा लाभ मी गृहीत धरला नव्हता.

वेलांटीचा दुसरा किस्सा ‘पाणी’ आणि ‘आणि’ यांचा. दोन्ही शब्द कानाला यमकासारखे लागतात, म्हणून तिने दोन्हींना दुसरी वेलांटी दिली. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार बहुधा दीर्घ असतो: मी, गाडी, आजी, पाणी. तिच्या रोजच्या शब्दांत ‘आणि’ हाच काय तो अपवाद. नियम सांगण्याऐवजी आम्ही दोन्ही शब्द पाटीवर एकाखाली एक रचून ठेवले. चार दिवस ते तसेच राहिले, आणि तेव्हापासून ‘आणि’मध्ये ती क्वचितच चुकते.

जोडून वाचण्याचा टप्पा मात्र संचाने एकट्याने पार पडला नसता. ‘घरटे’ हा शब्द तिने घ-र-टे असा तोडून वाचला आणि तो काही तिला ओळखू येईना. आपण बोलताना ‘र’मधला ‘अ’ गिळतो, ते लिपी दाखवत नाही. मी तोच शब्द रोजच्या बोलण्यातल्यासारखा उच्चारला, तेव्हा ती हसत सुटली, कारण चिमणीचे घरटे तिला उत्तम माहीत होते. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांचेही तेच. अक्षर एकच ‘झ’, पण उच्चार दोन. ‘चाक’मधला ‘च’ आणि ‘चहा’मधला ‘च’ निराळे. यासाठी पेटीत काहीही नाही आणि असणे शक्यही नाही. शब्द आधी कानावर पडलेला असेल तरच मूल पाटीवरच्या अक्षरांवरून त्याच्यापर्यंत उडी मारते, नाहीतर अक्षरे नुसती अक्षरे राहतात.

म्हणूनच संचाची जाहिरात करताना जो ‘संपूर्ण भाषाविकास’ सांगितला जातो, तो मला मान्य नाही. ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे या चारांपैकी संच शेवटच्या दोहोंना हात देतो. आमची लेक ‘ती पुस्तक’ आणि ‘तो पाणी’ म्हणत असे, आणि ही लिंगे लाकडी ठोकळ्यांतून सुधारणार नव्हती. तिथे उपयोगी पडले ते तिचे वाक्य न टोकता नीट करून परत देणे. “बाबा, ती पुस्तक दे ना,” यावर “हे पुस्तक का? ते निळे पुस्तक हवे की ते जाडे पुस्तक?” असे विचारले, की तिला तीन वेळा नपुंसकलिंग ऐकू येते आणि चूक काढल्याचा अपमान होत नाही. कराडहून आजी व्हिडिओ कॉलवर शब्दांच्या भेंड्या खेळते. ज्या अक्षरावर शब्द संपला, त्यावरून पुढचा. शब्दाचा शेवटचा आवाज वेगळा करून पकडण्याचा याहून चांगला सराव मी पाहिलेला नाही. आजीनेच तिला ‘च’ची भाषा शिकवली. पहिले अक्षर काढायचे, जागी ‘च’ ठेवायचा आणि काढलेले शेवटी जोडायचे, म्हणजे ‘पाणी’चे ‘चणीपा’. आठवडाभर घरात कोणी सरळ बोलत नव्हते. त्यानंतर पाटीवर अक्षरे अदलाबदल करून पाहणे तिला खेळासारखे सोपे जाऊ लागले, आणि संचावरचा तिचा वेगही त्याच काळात वाढला.

आता दोषांकडे येतो. पहिला आणि सर्वांत त्रासदायक दोष अक्षरवळणाचा आहे. ठोकळ्यांवरचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे निघाले. मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हीच वळणे महाराष्ट्र शासनाने 2009 साली लिपीच्या प्रमाणीकरणात ठरवून दिली आहेत आणि पाठ्यपुस्तकांत तीच असतात. आजीच्या पत्रातला ‘ल’ लेकीला ओळखू आला नाही, तेव्हा हे लक्षात आले. मी चार ठोकळ्यांवर कागद चिकटवून वळणे बदलली. दुसरा दोष म्हणजे ‘बॅट’, ‘बॉल’साठी लागणारी चंद्राची खूणच नाही. ॲ आणि ऑ धरून आता चौदाखडी शिकवली जाते, आणि शहरी मुलाच्या बोलण्यात तर हे आवाज पावलोपावली येतात. तिसरा दोष, अर्धी अक्षरे आणि रफार नाहीत, म्हणजे जोडाक्षरे आली की संच थांबतो. ‘ठ’चा रंग सहाव्या महिन्यात उडू लागला, ती किरकोळ गोष्ट.

कान्याच्या पट्ट्या मात्र मोजून चार दिल्या आहेत, हे अजब आहे. मराठीत इतर कोणत्याही चिन्हापेक्षा कान्याची गरज जास्त पडते. तिला ‘मामाचा वाडा’ रचायचा होता आणि पाचवा काना नव्हता. मी काही सुचवण्याआधीच तिने देवघरातून काडेपेटीची जळलेली काडी आणून ‘ड’शेजारी उभी केली. तेव्हापासून काड्या, चिंचोके, पुठ्ठ्याचे तुकडे यांची त्या पेटीत भर पडत आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला महागड्या माँटेसरी साधनांऐवजी बिया, पाने, खडे असे परिसरात मिळणारे साहित्य बालवाडीत आणले, हे मी पूर्वी वाचले होते. पण त्यातली व्यावहारिक शहाणीव त्या काडीने पटली. अर्धी अक्षरे आता आम्ही जाड पुठ्ठ्याची कापून केली आहेत आणि ती लाकडी ठोकळ्यांइतकीच चालतात. हे लिहिताना मनात येते, की बाराशे पन्नास रुपये न देता सगळाच संच पुठ्ठ्याचा करता आला असता का? आला असता. पण तो आम्ही केला नसता, हेही खरे.

मधल्या काळात मुलाचे वाचन ऐकून शाबासकी देणारे एक ॲपही दोन महिने वापरले. तारे मिळतात म्हणून तिने उत्साह दाखवला, पण लवकरच ती अर्थाकडे न पाहता ताऱ्यांसाठी भराभर वाचू लागली, म्हणून ते बंद केले. त्यापेक्षा ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या 2015 साली सुरू झालेल्या ‘स्टोरीविव्हर’ या संकेतस्थळावरच्या मराठी चित्रकथा संचाला चांगली जोड ठरल्या. त्या विनामूल्य आहेत आणि वाचनाच्या चार पातळ्यांत विभागल्या आहेत. पहिल्या पातळीवर पानावर एखाद-दुसरेच वाक्य असते. गोष्ट आधी मी वाचतो, मग तिला आवडलेले एक वाक्य ती पाटीवर रचते. काही अनुवाद थोडे कृत्रिम वाटतात, तिथे मी वाचता वाचता वाक्य घरच्या मराठीत फिरवून घेतो.

आज ती चार-पाच सोप्या शब्दांचे अनोळखी वाक्य वाचते. केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानात पहिलीच्या अखेरीस साधारण एवढीच अपेक्षा धरली आहे. दुसरीसाठी मिनिटाला 45 ते 60 शब्द अर्थासह वाचण्याचे लक्ष्य आहे. मी एकदा घड्याळ लावून पाहिले होते. तिने शब्द मोजायला सुरुवात केली आणि गोष्ट तिथेच संपली, तेव्हा घड्याळ पुन्हा काढले नाही. लिहिण्यात चुका भरपूर आहेत. दिवाळीनंतर आजीला पाठवलेल्या पत्रात ‘आजी तू कदी येनार’ असे होते आणि आम्ही ते तसेच टपालात टाकले. आजीने उत्तर लिहिले : ‘मी कधी येणार? संक्रांतीला येणार.’ लेकीने ते वाचले, पेटीतून ‘ध’ आणि ‘ण’ शोधून काढले आणि दोन्ही शब्द पाटीवर पुन्हा रचले.

ज्यांच्या घरी मूल मराठी सहज बोलते, पण वाचताना मात्रांशी अडखळते, त्यांना असा संच नक्की उपयोगी पडेल. ज्यांचे मूल अजून मराठीत दोन वाक्येही जोडत नाही, त्यांनी निदान वर्षभर हे पैसे वाचवावेत आणि तो वेळ गप्पा, भेंड्या व गोष्टींना द्यावा. चार वर्षांखालच्या मुलांना तर तो देऊच नये, कारण अनुस्वाराचा तुकडा सहज तोंडात जाईल एवढा लहान आहे. घेताना ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे पाहावीत, मात्रा खरोखर सुट्या आहेत ना याची खात्री करावी आणि काने मोजून घ्यावेत. दहापेक्षा कमी असतील, तर जळलेल्या काड्या जपून ठेवाव्यात.