'एफडीए रजिस्टर्ड' गर्भजल आणि माझा गुडघा

"गुडघ्यातलं वंगण संपलंय" हे दोन वर्षं ऐकत होते. वय सदुसष्ट, राहणं अमेरिकेत डॅलसजवळ, झोपायची खोली वरच्या मजल्यावर. त्यामुळे "ऑपरेशनशिवाय गुडघेदुखीवर इलाज, जेवण मोफत" ही जाहिरात दिसली आणि आम्ही दोघं त्या हॉटेलात जाऊन बसलो. शाकाहारी म्हणून पुढ्यात नुसता पाला आला. तिथंच शहाणं व्हायला हवं होतं.

बोलणारा कायरोप्रॅक्टर होता, म्हणजे हातांनी मणके-सांधे दाबून उपचार करणारा. सिझेरियनच्या वेळी दान केलेलं गर्भजल, त्यात लाखो स्टेम सेल (मूळ पेशी), ते गुडघ्यात सोडले की झिजलेली कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, पुन्हा वाढते, वगैरे. एफडीए म्हणजे औषधांना मंजुरी देणारं अमेरिकेचं सरकारी खातं. ह्यांनी विचारलं, "एफडीएची मान्यता आहे का?" तो म्हणाला, "लॅब एफडीए रजिस्टर्ड आहे." आम्ही माना डोलावल्या. मेख तिथेच होती! रजिस्टर्ड म्हणजे कंपनीने आपलं नाव आणि आपण काय बनवतो ते एफडीएला कळवलं, एवढंच. हाडं-सांध्यांच्या दुखण्यासाठी गर्भजलाचं एकही उत्पादन एफडीएने मंजूर केलेलं नाही. नियमांत बसायला कंपन्यांना दिलेली सवलतही 31 मे 2021 ला संपली होती. मी सुई टोचून घेतली 2022 च्या ऑक्टोबरात.

हे गर्भजल ज्यात असतं तो गर्भाभोवतीचा पडदा काही कुचकामी नसतो. मुंबईत टाटा हॉस्पिटलच्या टिश्यू बँकेत तो जखमांवर लावण्यासाठी तयार करतात, डोळ्यांचे डॉक्टरही वापरतात. पण जखम झाकणं वेगळं आणि कूर्चा उगवून देतो म्हणणं वेगळं.

एका गुडघ्याचे साडेचार हजार डॉलर. मेडिकेअर, म्हणजे इथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, यासाठी छदाम देत नाही, म्हणून त्यांनीच टेबलावर कर्जाचा फॉर्म भरून दिला. करंगळीच्या पेराएवढी गोठलेली बाटली नर्सने मुठीत धरून वितळवली. "सेल जिवंत आहेत ना?" "म्हणून तर इतकं थंड ठेवतो." अशा बाटल्या तपासणाऱ्या संशोधकांना त्यांत जिवंत स्टेम सेल सापडले नाहीत, हे मी वाचलं ते पैसे गेल्यावर.

चार दिवस गुडघा टम्म सुजला. क्लिनिकवाले म्हणाले, "काम सुरू झाल्याची खूण." नशीब, सुजेवरच निभावलं. नाळेच्या रक्तापासून केलेल्या अशाच इंजेक्शनांनी 2018 मध्ये टेक्सास, फ्लोरिडा आणि ॲरिझोनात 12 जणांना जंतुसंसर्ग होऊन हॉस्पिटलात भरती व्हावं लागलं होतं.

सहा महिन्यांनी हाडांच्या डॉक्टरांनी जुना आणि नवा एक्स-रे शेजारी लावला. रेघेचाही फरक नाही. पैसे मागायला गेलो तर माझ्याच सहीचा कागद पुढे केला. त्यात बारीक अक्षरात होतं, गुण येण्याची हमी नाही.

माझी फाइल मात्र मी मागून घेतली. तिच्यात बाटलीवरचा स्टिकर चिकटवलेला होता, लॉट नंबरसकट (बाटली कोणत्या खेपेतली ते सांगणारा नंबर). तो नंबर घालून मेडवॉच या एफडीएच्या तक्रार-सेवेकडे तक्रार केली आहे. कुणी ही सुई घेतली असेल तर आधी तो स्टिकर मिळवा, क्लिनिकं पाटी बदलतात. माझे सात हप्ते अजून बाकी आहेत.