स्वतंत्र संचालकाने शिकावे कुठे: तीन दिवसांच्या निवासी वर्गात की पाच महिन्यांच्या संध्याकाळच्या अभ्यासक्रमात?

स्वतंत्र संचालक, म्हणजे कंपनीच्या प्रवर्तकांशी (प्रमोटर) किंवा व्यवस्थापनाशी हितसंबंध नसलेला मंडळावरचा सदस्य, होण्यासाठी सरकारी डेटा बँकेत नाव नोंदवून झाले, चाचणी देऊन झाली, की बहुतेकांपुढे एकच प्रश्न उरतो: आता खरे शिकायचे कुठे? मानेसरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ कॉर्पोरेट अफेअर्सची ती ऑनलाइन चाचणी मी दिली आहे आणि तिला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. डिसेंबर २०१९ मध्ये ही व्यवस्था सुरू झाली तेव्हा उत्तीर्णतेसाठी ६० टक्के गुण लागत, पुढे ती अट ५० टक्क्यांवर आली, आणि प्रयत्नांवर मर्यादा नसल्यामुळे नेटाने बसणारा माणूस तीत सहसा अडकत नाही. शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या कंपनीत तीन वर्षे संचालक किंवा कंपनी सेक्रेटरी, मुख्य वित्त अधिकारी (सीएफओ) अशा पदावर राहिलेल्यांना तर ती द्यावीही लागत नाही. मी चाकणच्या एका वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यातला उत्पादन बाजूचा माणूस, त्यामुळे मला ती सवलत नव्हती. ही चाचणी म्हणजे शिकाऊ परवाना आहे. तो खिशात असला म्हणून कोणी घाटात गाडी घालत नाही.

त्यानंतरचे दोन मार्ग मी दोन्ही चालून पाहिले, एक कंपनीच्या खर्चाने आणि दुसरा स्वतःच्या. पहिला म्हणजे लोणावळ्याच्या एका हॉटेलात शुक्रवारी संध्याकाळपासून रविवारी दुपारपर्यंत चालणारा निवासी वर्ग. दुसरा म्हणजे एका व्यवस्थापन संस्थेचा पाच महिन्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम, दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सात ते नऊ. दोन्ही संस्थांची नावे मी मुद्दामच घेत नाही, कारण मला जे खटकले ते एका तुकडीपुरतेही असू शकेल. विषयांची यादी दोन्हीकडे जवळजवळ सारखीच असते: कंपनी कायद्याचे कलम १४९ (स्वतंत्र संचालक), कलम १६६ (संचालकांची कर्तव्ये) आणि परिशिष्ट चार (स्वतंत्र संचालकांची आचारसंहिता), लेखापरीक्षण समिती, शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीचे २०१५ चे सूचीबद्धता नियम. माहितीपत्रके शेजारी शेजारी ठेवून त्यांतून निवड करण्यात अर्थ नाही.

निवासी वर्गाचे गुण आधी सांगतो, कारण ते खरे आहेत. तिथे माणसे भेटतात. शनिवारी सकाळी पोह्यांची बशी हातात घेऊन उभे असताना एका लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांनी मला सांगितले की, व्यवस्थापनाला बाहेर पाठवून लेखापरीक्षकांशी एकट्याने बोलायला बसल्यावर ते पहिला प्रश्न असा विचारतात: ‘या तिमाहीत कोणता कागद मागूनही मिळाला नाही?’ हा एक प्रश्न माझ्यासाठी सगळ्या शुल्काइतका मोलाचा ठरला. शिवाय संचालकपदाची निमंत्रणे बऱ्याच अंशी ओळखीतूनच येतात, हे कोणी उघड बोलत नसले तरी सर्वांना ठाऊक असते, आणि तीन दिवस एकत्र जेवलेल्या माणसांची ओळख पडद्यावरच्या चौकटीतून होणाऱ्या ओळखीपेक्षा घट्ट असते. शिकवणारेही अनुभवी होते, बोलण्यात रंग होता.

माझे घोडे पेंड खाते ते वेगळ्याच ठिकाणी. शुक्रवारी नोंदणीच्या मेजावर प्रत्येकाला एक निळी बॅग मिळाली. तीत वही, पेन आणि एक बंद पाकीट होते, आणि पाकिटावर ‘शनिवारी साडेनऊला उघडावे’ असे लिहिलेले होते. शनिवारच्या पहिल्या तासाला व्याख्यात्यांनी फार चांगले समजावले: बैठकीची नोटीस किमान सात दिवस आधी द्यावी लागते हे कलम १७३ सांगते, बैठकांविषयीच्या सचिवीय मानक एकनुसार विषयपत्रिका आणि तिच्या टिपाही तितक्याच आधी हाती यायला हव्यात, आणि ऐन बैठकीत मेजावर ठेवलेला विषय, ज्याला आपण सगळे ‘टेबल आयटम’ म्हणतो, तो संचालकाने सहजासहजी स्वीकारू नये. दुसऱ्या तासाला आम्हाला पाकीट उघडायला सांगितले. आत एका काल्पनिक कंपनीच्या अधिग्रहणाचे ३२ पानांचे प्रकरण होते. वाचायला पंचवीस मिनिटे, मग गटचर्चा, मग निर्णय. मी हात वर करून विचारले की, हाही टेबल आयटमच नाही का? व्याख्याते मनापासून हसले आणि म्हणाले, ‘काय करणार, वेळ कमी असतो ना!’ शेजारी बसलेले निवृत्त बँकर माझ्या कानाशी पुटपुटले, ‘प्रमोटरही हेच म्हणतो.’

ही बाब कोणाला किरकोळ वाटेल. मलाही त्या क्षणी ती गमतीचीच वाटली होती. पण पुढच्या दीड दिवसात आम्ही अशी आणखी चार पाकिटे उघडली आणि चारही वेळा आमच्या गटाने न वाचलेल्या कागदांवर ठामपणे मत दिले. ज्याला बोलायची सवय होती तो जिंकला, ज्याने खरोखर पाने उलटली तो मागे पडला. सत्यम कॉम्प्युटर या हैदराबादच्या कंपनीतल्या घोटाळ्याची गोष्टही तिथे चाळीस मिनिटांत ऐकून झाली: १६ डिसेंबर २००८ रोजी संचालक मंडळाने प्रवर्तक कुटुंबाशीच संबंधित असलेल्या मेटासच्या दोन कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरला घेण्यास मान्यता दिली, गुंतवणूकदारांच्या संतापामुळे काही तासांतच तो बेत मागे घ्यावा लागला, आणि ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्षांनीच हिशेबात रोकड फुगवून दाखवल्याची कबुली दिली. ऐकताना सगळ्यांनी माना डोलावल्या. पण ती मान्यता देणाऱ्या मंडळावरही नामवंत आणि शिकलेली माणसे होती, आणि आम्ही चहानंतर तशाच घाईत पाचवे पाकीट फोडणार होतो, हे कोणाच्या बोलण्यात आले नाही.

संध्याकाळच्या अभ्यासक्रमात सत्यम शिकवताना अध्यापकांनी गोष्ट सांगितलीच नाही. ती सगळ्यांना माहीत असल्याचे त्यांनी गृहीत धरले आणि एवढेच विचारले की, त्या बैठकीत तुम्ही असता तर कोणते कागद मागितले असते. उत्तर लिहून पाठवायला शुक्रवारपर्यंत मुदत होती. माझ्या यादीत मूल्यांकनाचा अहवाल होता, प्रवर्तक कुटुंबाचा दोन्ही बाजूंना असलेला संबंध होता, पण ‘एवढी रोकड कंपनीकडे खरोखर आहे याचा बँकेकडून थेट दाखला’ हे नव्हते. उत्तर परत आले तेव्हा समासात फक्त एक प्रश्नचिन्ह होते.

त्याच अभ्यासक्रमातला एक सराव मला अजून आठवतो. नोव्हेंबरमध्ये आम्हाला एका बनावट कंपनीची ८४ पानांची विषयपत्रिका पाठवली गेली, बैठकीच्या बरोबर सात दिवस आधी, ईमेलने. मी ती दोनदा वाचली, रंगीत पेनाने खुणा केल्या, आणि भांडवली खर्चावर पाच चोख प्रश्न तयार केले. बैठकीच्या दिवशी बेळगावच्या एका बाईंनी, ज्या अर्धा वेळ कॅमेरा बंद ठेवून बसत, विचारले की पान ६१ वरच्या परिशिष्टात ज्या गोदामाचे भाडे वाढवले आहे, ते गोदाम कोणाचे आहे? ते प्रवर्तकाच्या मेहुण्याच्या फर्मचे होते. पानावर तसे छापलेले होते, बारीक अक्षरात, तळटिपेत. मी ते पान पाहिले होते, वाचले नव्हते. मग अध्यापकांनी कलम १४९ चे बारावे उपकलम काढले: स्वतंत्र संचालकाची जबाबदारी त्याला माहीत असलेल्या कृत्यांपुरतीच मर्यादित आहे, मात्र ती माहिती मंडळाच्या कामकाजातून मिळालेली असावी लागते, आणि त्याची संमती, संगनमत किंवा हयगय असेल तर तो सुटत नाही. पान ६१ माझ्या हातात सात दिवस होते. वेळेवर आलेली विषयपत्रिका ही सोय आहे तशीच ती माझ्याविरुद्धचा पुरावाही आहे, ही गोष्ट मला लोणावळ्यात कळणे शक्यच नव्हते, कारण तिथे कोणाच्याच हातात काही सात दिवस नव्हते.

इतिवृत्ताचा सरावही असाच उपयोगी पडला. बैठकीनंतर पंधरा दिवसांत मसुदा फिरवायचा आणि त्यावर संचालकांनी सात दिवसांत म्हणणे कळवायचे, हा नियम पाठ असतो. पण आपण घेतलेला आक्षेप मसुद्यात ‘सविस्तर चर्चेअंती ठराव मंजूर करण्यात आला’ एवढ्या एका वाक्यात विरघळलेला पाहिल्यावर, कंपनी सेक्रेटरीला न दुखावता पण शब्द न गिळता दुरुस्ती कशी लिहावी, हे बसून लिहिल्याशिवाय येत नाही. माझा पहिला मसुदा कारखान्यातल्या मेमोसारखा झाला होता. तिसरा बरा झाला.

संध्याकाळचा अभ्यासक्रम निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. लेखांकनाचे चार तास इतक्या भरधाव गेले की, ज्यांना ताळेबंद वाचण्याची सवय नव्हती त्यांच्या पदरी फारसे काही पडले नसावे. आमच्या चोवीस जणांपैकी पाच जण दिवाळीनंतर दिसेनासे झाले. सवलत म्हणून ध्वनिमुद्रण मिळते आणि मग माणूस ‘नंतर ऐकू’ म्हणत राहतो. ओळखी फारशा झाल्या नाहीत. बेळगावच्या त्या बाईंना मी आजही रस्त्यात ओळखणार नाही. आणि पाच महिने आठवड्याच्या दोन संध्याकाळी बांधून घेणे हे नोकरीत असलेल्या पूर्णवेळ संचालकाला किंवा घरचा धंदा नुकताच हाती आलेल्या दुसऱ्या पिढीला जमेलच असे नाही. त्यांच्यासाठी लोणावळ्याचे तीन दिवस अगदीच वाया जातील असे मला वाटत नाही.

खर्चाबद्दल थोडक्यात सांगायचे तर, मला निवासी वर्ग जवळपास दीडपट महाग दिसला आणि त्यातला बराच भाग हॉटेलचा असावा. स्वतःच्या खिशातून भरणार असाल तर कायद्याने एका बैठकीचे मानधन एक लाखापर्यंतच देता येते आणि लहान कंपन्या त्याच्या बऱ्याच खाली राहतात, हे गणित आधी मांडलेले बरे. कंपनी भरणार असेल आणि ती सूचीबद्ध असेल, तर तिला सेबीच्या नियमांप्रमाणे स्वतंत्र संचालकांसाठी परिचय कार्यक्रम ठेवावाच लागतो, पण तो बहुतेक वेळा कारखान्याची फेरी आणि दुपारचे जेवण यांत संपतो. त्यालाच शिक्षण समजून थांबू नये, एवढे माझे अनुभवाचे मत.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला स्वतंत्र संचालक म्हणून एका कंपनीचे बोलावणे आले आहे आणि त्यांनी मला विचारले. मी त्यांना हे करा किंवा ते करा असे सांगितले नाही. दोन्ही ठिकाणी फोन करून एवढेच विचारा म्हटले की, चर्चेची प्रकरणे आम्हाला किती दिवस आधी मिळतील. परवा त्यांचा फोन आला. एका ठिकाणी ‘आठवडाभर आधी, आणि न वाचता येऊ नका’ असे सांगितले म्हणे. दुसऱ्या ठिकाणच्या मुलीने फार अगत्याने उत्तर दिले होते: ‘सर, तुम्ही काळजीच करू नका, सगळं किट तुम्हाला तिथेच मिळेल, बॅगेसकट!’