मोठ्या अक्षरांचं मराठी बायबल – तीन महिने रोज वापरल्यावर

आईसाठी फेब्रुवारीत नागपूरच्या सदरमधल्या एका ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानातून घेतलं. तिचं जुनं बायबल लग्नातलं, अक्षर इतकं बारीक की मोतीबिंदूनंतर तिने वाचणंच सोडलं होतं, नुसतं उशाशी ठेवायची.

छपाई एक नंबर आहे, अक्षर ठळक, येशूचे शब्द लाल शाईत, आणि कडेला खाचा असल्यामुळे बायबलमधल्या 66 पुस्तकांतलं हवं ते पटकन सापडतं. कागद मात्र फार पातळ, मागच्या ओळी थोड्या दिसतात, आणि आता मे मधे कूलर सुरू केला की पानं नुसती फडफडतात म्हणून आई वर अडकित्ता ठेवते. कव्हरची चेन दुसऱ्याच आठवड्यात अडकली पण दुकानदाराने काही न विचारता कव्हर बदलून दिलं. वजन जास्त आहे, मांडीवर उशी घ्यावी लागते.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. मार्चमधे माझी हिंगण्याची नोकरी गेली, दोन महिन्यांचा पगार अजून अडकलाय, आणि रात्री झोप येईना म्हणून मीच आईला वाचून दाखवायला लागलो. फिलिप्पैकरांस पत्र, म्हणजे येशूचा प्रेषित पौल याने फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेलं पत्र, चारच अध्याय, एका बैठकीत होतं. "मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून" मी सगळं करू शकतो, हे चौथ्या अध्यायातलं तेरावं वचन (4:13) आमच्या कॅलेंडरवर लहानपणापासून बघतोय, परीक्षेला जाताना म्हणायचो, पण त्याच्या आधीची दोन वचनं मी कधी नीट वाचलीच नव्हती. तिथे पौल म्हणतो की पोटभर खाणं काय आणि उपाशी राहणं काय, भरपूर असणं काय आणि नसणं काय, आहे त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलोय. शिकलोय! म्हणजे त्यालाही ते आपोआप आलेलं नव्हतं. आणि हे लिहिलं कुठून तर कैदेतून. फिलिप्पैच्या मंडळीने मदत घेऊन पाठवलेला एपफ्रदीत आजारी पडून मरता मरता वाचला, त्याची काळजीही त्याच पत्रात आहे, म्हणजे पौलाला दुःख होत नव्हतं असं नाही. मला वाटायचं समाधान म्हणजे काही न वाटणं, तसं नाहीये ते. पगाराचं टेन्शन मला अजून आहे, पण प्रार्थना करून झोपतो आणि झोप लागते. आई रोज म्हणते, "तेच वाच बाळा, चौथा अध्याय", आणि मी वाचतो.

घ्यायचं असेल तर ज्यांना वाचायचंय त्यांनाच दुकानात सोबत न्या. आईने तिथे उभ्या उभ्या 23 वं स्तोत्र काढलं, बोट फिरवत सगळं मोठ्याने वाचलं आणि मगच पर्स उघडली.