जुन्या लॅपटॉपवर कर्नल बदलताना : लिनक्स मिंटच्या अपडेट मॅनेजरचा अनुभव

माझ्या घरी २००९ सालचा, कोअर टू ड्युओ प्रोसेसरचा आणि ४ जीबी रॅमचा लॅपटॉप अजून रोजच्या वापरात आहे. त्यावर लिनक्स मिंट या मोफत संगणक-प्रणालीच्या २१.३ ची एक्सएफसीई, म्हणजे हलक्या डेस्कटॉपची, आवृत्ती आहे. ती ५.१५ क्रमांकाच्या कर्नलसह (कर्नल म्हणजे हार्डवेअर चालवणारा प्रणालीचा गाभा) येते आणि तिला एप्रिल २०२७ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार आहेत. म्हणजे कर्नल बदलण्याची निकड नव्हती. तरीही नव्या कर्नलने यंत्र जलद चालेल या आशेने मी ६.८ बसवून पाहिला.

हे काम मिंटच्या अद्ययावतीकरणाच्या साधनातून, म्हणजे अपडेट मॅनेजरच्या 'व्ह्यू' मेनूतील 'लिनक्स कर्नल्स' या खिडकीतून होते. ती उघडण्यापूर्वी एक इशारा येतो, तो घाईने बंद न करता वाचावा. पुढे डावीकडे कर्नलच्या मालिका आणि उजवीकडे त्यांतील आवृत्त्या दिसतात. कोणता कर्नल चालू आहे, कोणता बसवलेला आहे आणि त्याला आधार कधीपर्यंत आहे, हे तिथेच कळते. सर्वांत मोलाची गोष्ट अशी की नवा कर्नल जुन्याला पुसून टाकत नाही, तर त्याच्या शेजारी बसतो. जुन्या यंत्राची खरी सुरक्षितता यातच आहे, आणि मला तिचा लगेच प्रत्यय आला.

नव्या कर्नलवर लॅपटॉप सुरू झाला, पण वाय-फाय नाहीसे झाले. वाय-फायच्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा छोटा प्रोग्राम, कर्नलमध्ये अंतर्भूत नसून बाहेरून बसवलेला होता. असा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी नव्याने बांधावा लागतो, आणि तो ६.८ साठी बांधलाच गेला नाही. जुन्या ग्राफिक्स कार्डांचीही हीच अडचण आहे : एनव्हिडियाच्या ३४० मालिकेच्या ड्रायव्हरची शेवटची आवृत्ती २०१९ मध्ये आली, कर्नल मात्र पुढे जात राहिला. मी लॅपटॉप पुन्हा सुरू करताना शिफ्ट दाबून ठेवले (यूईएफआय, म्हणजे बायोसच्या जागी आलेले नवे फर्मवेअर, असलेल्या यंत्रांवर एस्केप दाबावे लागते), ग्रबच्या, म्हणजे सुरुवातीला कर्नल निवडून देणाऱ्या प्रोग्रामच्या, 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून ५.१५ निवडला आणि वाय-फाय परत आले.

उणीव जाणवली ती यानंतर. पुढच्या वेळी ग्रब पुन्हा सर्वांत नवा कर्नलच उचलतो, आणि 'हाच कायम वापरा' असे सांगणारे बटण त्या खिडकीत नाही. त्यासाठी ग्रबच्या सेटिंगची फाइल हाताने बदलावी लागते किंवा जुन्या कर्नलवर येऊन नवा काढून टाकावा लागतो. टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीची, सवय नसलेल्या ज्येष्ठ वापरकर्त्याकडून पहिल्या मार्गाची अपेक्षा करणे मला योग्य वाटत नाही. मी दुसरा पत्करला.

कर्नलला हात लावण्यापूर्वी टाइमशिफ्ट या साधनाने बाहेरच्या डिस्कवर स्नॅपशॉट, म्हणजे प्रणालीची त्या क्षणाची प्रत, घ्यावा. हे साधन मिंटमध्ये १८.३ पासून सोबतच येते. मात्र ते मूळ सेटिंगनुसार प्रणालीच्या फायली जपते, होम फोल्डरमधील कागदपत्रे आणि छायाचित्रे नाही. त्यांची प्रत वेगळी ठेवावी लागते. आता माझ्या लॅपटॉपवर ५.१५ मालिकेतील दोन आवृत्त्या आहेत, एक चालू आणि एक अडीअडचणीसाठी, आणि जुने कर्नल आपोआप काढण्याची सोय मी बंद ठेवली आहे.